बुडापेस्टमार्गे मुरगूड

कोल्हापूरहून मुरगूडला जायला एसटीनं दीड तास लागतो. मला तेरा वर्षं लागली, आणि वाटेत बुडापेस्ट आणि झाग्रेब ही दोन गावं करावी लागली. सरळ वाट सोडून गावभर फिरायची माझी खोड जुनीच आहे, पण एवढा लांबचा वळसा मीही पूर्वी कधी घातला नव्हता.

परदेशाहून आलेल्या माणसाला गल्लीत काय विचारतात ते ठरलेलं असतं. विमानात खायला काय दिलं, बर्फ बघितला का, तिकडच्या बायका कशा असतात. ती उत्तरं चौकात बसून देऊन झाली. इथं लिहायचंय ते वेगळं. तिकडं माझे दिवस ज्यांच्या सोबतीनं गेले ती माणसं एके काळची बँडवाली निघाली. त्यांच्या बँडात कोण आलं, कोण गेलं, कुणाला काढलं याच्या हकिगती ऐकताना मला सारखा एकच माणूस आठवत होता. म्हणून आधी त्याचं सांगतो.

त्याचं नाव दस्तगीर, राहणार मुरगूड. बाप लग्नाच्या बँडात वाजवणारा, आणि हा पोरवयापासून क्लॅरिनेट तोंडाला लावून बसलेला. साठ-एकसष्टच्या सुमारास आम्ही चार-पाच हौशी लोकांनी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा काढला. मी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचो आणि कारभारही बघायचो. दस्तगीरच्या घरी फोन नव्हता, फोन माझ्याही घरी नव्हता. कार्यक्रम ठरला की मी सकाळी स्टँडवर जाऊन मुरगूडच्या एसटीच्या कंडक्टरला सांगायचो, "दस्तगीरला सांगा, शनवारी गडमुडशिंगीला कारेक्रम हाय." की शनिवारी दस्तगीर क्लॅरिनेटची पेटी घेऊन हजर. सांगावा गेला म्हणजे काम आहे, नाही गेला म्हणजे नाही. कागद नाही, करार नाही, पाच-सहा वर्षं असंच चाललं.

मग हवा बदलली. इलेक्ट्रिक गिटार आली, ऑर्गन आला. एक कॉलेजकुमार स्वतःचा ऑर्गन घेऊन आमच्यात आला आणि पहिल्याच तालमीला म्हणाला, "क्लॅरिनेट नको. वरात चालल्यासारखं वाटतंय." मला ते पटलं नाही, असं आज लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पटलं होतं.

आता हे दस्तगीरला सांगायचं कुणी? कारभारी मी, म्हणजे मीच. मी सोपी वाट धरली. सांगितलंच नाही. कंडक्टरकडं जायचा तेवढा बंद झालो.

पुढचाच कार्यक्रम मुरगूडच्या पलीकडच्या एका गावच्या जत्रेत होता. जत्रेची भित्तिपत्रकं मुरगुडातही लागली असणार. आमची भाड्याची गाडी मुरगूडच्या स्टँडवरून चालली तेव्हा दस्तगीर तिथं उभा होता. इस्त्रीचा कोट, हातात पेटी. ड्रायव्हर म्हणाला, "आवो, दस्तगीर हाय की!" मी म्हणालो, "चल, उशीर झालाय." उशीर झाला नव्हता. मी मान वळवून दुसऱ्या बाजूच्या उसाकडं बघत बसलो.

तोवर दर रमजान ईदला मी त्याच्या घरी शिरखुर्मा खायला जात असे. त्या वर्षीपासून तेही सुटलं. पुढं तो कॉलेजकुमार मुंबईला गेला, गिटारवाल्याला नोकरी लागली, आणि ऑर्केस्ट्रा आपोआप बसला. दस्तगीर तेवढा मनात उभाच राहिला.

बुडापेस्ट

मी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात कामाला. अठ्ठ्याहत्तर साली मालकांनी हंगेरीहून लोखंड कातायचा एक मोठा लेथ मागवला होता. तो चालवायला आणि बिघडला तर उघडायला शिकून ये, म्हणून मला आठ आठवड्यांसाठी तिकडं पाठवलं. घरच्यांनी बॅगेत कांदा-लसूण चटणीचा डबा असा काही दाबून बसवला की कपडे कमी पडले तरी चालतील, चटणी कमी पडू नये.

तिथला फोरमन इम्रे. माझ्याच वयाचा, पंचेचाळिशीच्या आतबाहेर, बुटका, खांद्यानं रुंद. त्याला हंगेरियन सोडून काही येत नव्हतं. आमच्या दोघांत एर्झी नावाच्या दुभाषीबाई होत्या. इम्रे बोलायचा, बाई त्याचं इंग्रजी करायच्या, आणि मी मनातल्या मनात त्याचं कोल्हापुरी करून घ्यायचो. माझं इंग्रजी फौंड्रीतलं. नट-बोल्ट-बेअरिंगपर्यंत बिनचूक, त्यापुढं देवाची मर्जी.

काम सकाळी सहाला सुरू व्हायचं. दुपारच्या जेवणात पहिल्या दिवशी गुयाश नावाचा रस्सा आला. तांबडाभडक, वर तेलाची तर्री. मला वाटलं, घरी आलो. तोंडात घातला तर तिखटाचा पत्ता नाही. त्यांची ती पाप्रिका म्हणजे नुसता रंग. मी डबा उघडून चटणी कालवली तेव्हा सगळं टेबल बघायला लागलं. इम्रेनं आत जाऊन एक वेगळी, गोल, लाल मिरची आणली आणि माझ्यापुढं ठेवली. कोल्हापूरची अब्रू पणाला लागली म्हणून मी ती देठासकट चावली. पुढची दहा मिनिटं मी काही बोललो नाही, आणि एर्झीबाईंना भाषांतराला काम उरलं नाही. त्या दिवसापासून इम्रेची आणि माझी दोस्ती.

त्यानंच माझी बोटं ओळखली. लेथ फिरत असताना माझी उजव्या हाताची बोटं टेबलावर चालतात, ही जुनी सवय. त्यानं ती बघितली आणि एर्झीबाईंना विचारायला लावलं, "काय वाजवतोस?" मी हातानं भाता ओढून दाखवला. त्यानं स्वतःचा डावा हात पुढं केला. बोटांच्या टोकांना जुने घट्टे होते. हा बास, म्हणजे माणसाएवढं जाड तारांचं वाद्य, वाजवणारा.

त्याच्या बँडची कहाणी मी ऐकली ती पाण्यात. बुडापेस्टला गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यावर मोठमोठी स्नानगृहं. माणसं गळ्यापर्यंत बुडून बुद्धिबळ खेळतात, डाव संपेपर्यंत हलत नाहीत. आपल्याकडं पंचगंगेच्या घाटावर पोहायला बाप्ये वेगळे, बाया वेगळ्या. इथं सगळा एकच कारभार. एर्झीबाई पोहण्याच्या कपड्यात आल्या आणि शेजारी उभ्या राहून भाषांतर करू लागल्या. मी पूर्ण तासभर आकाशाकडं बघत ऐकलं. इम्रेला वाटलं, मी फार भाविक माणूस आहे.

कारखान्याच्या सांस्कृतिक सभागृहात शनिवारी नाच असायचे, तिथं ह्यांचा पाच जणांचा संच वाजवायचा. क्लॅरिनेट, पियानो, अ‍ॅकॉर्डियन, उभा मोठा बास आणि ड्रम. मग त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमाराला रेडिओवर परक्या स्टेशनांची गिटारची गाणी ऐकू यायला लागली आणि पोरं वेडी झाली. दुकानात गिटार मिळेना. ह्यांनी कारखान्यातल्याच लाकडातून कापून काढली, जुने रेडिओ फोडून अ‍ॅम्प्लिफायर केला. मग पियानोवाला गेला, त्या जागी गिटारवाला आला. ड्रमवाला सैन्यात गेला, परत आला तोवर त्याच्या जागी दुसरा बसलेला. गाणारा पोरगा मोठ्या बँडनं उचलला. अ‍ॅकॉर्डियनवाला एकदा पश्चिमेकडं कार्यक्रमाला गेला तो आलाच नाही. वाजवायला सरकारी परवाना लागे, आणि परवान्यासाठी परीक्षा. दर वेळी माणूस बदलला की पुन्हा नवी परीक्षा. सात वर्षांत अकरा माणसं येऊन गेली, म्हणाला. नाव मात्र तेच.

"आणि क्लॅरिनेटवाला?" मी विचारलं.

इम्रेनं ओंजळीनं पाणी तोंडावर मारलं. मग म्हणाला, "योश्का. त्याला मी काढलं."

शनिवारी कोण वाजवणार त्यांची नावं कारखान्याच्या फलकावर लागत. ती यादी इम्रे लिहायचा. एका शुक्रवारी त्यानं योश्काचं नाव लिहिलं नाही. योश्कानं ते दुपारी सगळ्यांबरोबर उभं राहून वाचलं. त्याला वेगळं कुणी काही सांगितलं नाही.

मी दस्तगीरचं नाव तेव्हा काढलं नाही. परक्या माणसापुढं, तेही पोहण्याच्या कपड्यातल्या बाईकडून भाषांतर करवून, असलं काय सांगायचं?

झाग्रेब

सप्टेंबरच्या अखेरीला झाग्रेबच्या यंत्रांच्या प्रदर्शनात आमचा लेथ मांडला होता. इम्रे आणि मी त्याच्याबरोबर आठवडाभर गेलो. हंगेरीतून युगोस्लाव्हियात गेलं की रंग बदलतो. लोक मोठ्यानं बोलतात, हात हलवतात, दुकानात गर्दी. मला तर आपल्या शिवाजी पेठेत आल्यासारखं वाटलं. ट्रामगाड्या निळ्या, बाजारात लाल छत्र्यांखाली चीज विकणाऱ्या बायका. एकीनं मला पांढरं ताजं चीज चाखायला देऊन, मी विकत घेत नाही म्हटल्यावर जे काही ऐकवलं, ते न समजताही समजलं. आपल्या मंडईतली भाजीवाली यापेक्षा वेगळं बोलली नसती.

तिथं द्रागो भेटला. समुद्राकाठच्या एका हॉटेलात एका उन्हाळ्यात त्याचा आणि इम्रेचा बँड आळीपाळीनं वाजवत होता, ती ओळख. आता त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. उन्हाळ्यात जहाजांवर वाजवून त्यानं चार देशांचं मोडकंतोडकं इंग्रजी जमवलं होतं आणि इम्रेकडून थोडं हंगेरियनही, त्यामुळं आम्हाला दुभाषी लागला नाही. पहिली इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या पोरांना गावातले लोक 'इलेक्ट्रिशियन' म्हणत, असं सांगून तो हसला. "बघ, शेवटी तोच झालो."

दुकानाच्या भिंतीवर त्याच्या बँडचे आठ फोटो ओळीनं टांगले होते. दर वेळी माणसं बदलली की नवा फोटो. पहिल्या फोटोत सगळे एकसारख्या कोटात, केस चापून बसवलेले, हातात साधी वाद्यं. शेवटच्यात केस खांद्यापर्यंत आणि पँटी फुगलेल्या. आठही फोटोंत सारखा असा एकटा द्रागो. तो बोट ठेवत गेला, "हा सैन्यात गेला. हिनं लग्न केलं. हा जहाजावर. हा जर्मनीला गेला. हाही जर्मनीला. हा पण."

त्या दिवसांत तिथली निम्मी तरणी माणसं कामाला जर्मनीला जात, तेव्हा मला नवल वाटलं नाही. आम्ही चीज भरून उकडलेली श्ट्रुक्ली खात होतो. ती म्हणजे साखर विसरलेली करंजी. तेवढ्यात ट्रामच्या गणवेशातला एक माणूस आत आला. त्यानं एक रेडिओ काउंटरवर ठेवला. दोघं दोन मिनिटं गंभीरपणे त्याबद्दल बोलले आणि तो निघून गेला. मी भिंतीकडं बघितलं. तिसऱ्या फोटोत तोच माणूस हातात गिटार घेऊन उभा होता.

"हा जर्मनीला गेला होता ना?" मी म्हणालो.

"ट्रामनं," द्रागो म्हणाला, आणि इम्रे पोट धरून हसला.

मग द्रागोनं खरं सांगितलं. त्यांच्यात कुणाला काढलं असं म्हणायची पद्धत नव्हती. विचारलं की सांगायचं, जर्मनीला गेला. मान राहायचा आणि भांडण व्हायचं नाही. ह्या माणसाला चौसष्टात काढला होता, त्याच्याहून चांगला गिटारवाला मिळाला म्हणून. तेव्हापासून तो महिना-दोन महिन्यांनी रेडिओ घेऊन येतो.

"एवढा कसा बिघडतो त्याचा रेडिओ?" मी विचारलं.

"कधीच बिघडलेला नसतो," द्रागो म्हणाला. "मी उघडतो, धूळ पुसतो, परत देतो. चौदा वर्षं आम्ही रेडिओवरच बोलतोय. त्या दिवसाचं तो बोलत नाही, मीही नाही."

त्याला ह्याचं दुःख होतं, ते दिसत होतं. मला मात्र त्याचा हेवा वाटला. निदान त्याच्या दुकानात तो माणूस येत तरी होता. जेवून झाल्यावर प्रदर्शनाकडं चालत जाताना मी पहिल्यांदा इम्रेला दस्तगीरचं सांगितलं. दुभाषी नसताना. हातवारे, कारखान्यात उचललेले चार हंगेरियन शब्द, क्लॅरिनेट फुंकायची खूण आणि तोंड फिरवून दाखवलं. त्याला सगळं कळलं. तो खुणा करत फक्त म्हणाला, "नोव्हेंबर. माझ्या घरी ये."

पुन्हा बुडापेस्ट

हंगेरीत वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. कॅलेंडरात प्रत्येक तारखेला नावं छापलेली असतात. ज्याचं नाव त्या तारखेला, त्याच्या घरी लोक जातात. इम्रेचा दिवस पाच नोव्हेंबर, आणि त्या वर्षी तो रविवारी आला होता. गंमत अशी की बोलावणं कुणालाच करायचं नसतं. तारीख सगळ्यांना ठाऊक. यायचं त्यानं यावं, घरातल्यांनी केक-वाइन मांडून वाट बघावी.

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी दुपारी फुलं घ्यायला निघालो. आणि बघतो तर काय, जिकडंतिकडं शेवंती! दुकानांपुढं, ट्रामच्या थांब्यावर, बादल्याच्या बादल्या भरून पिवळी, पांढरी, जांभळी शेवंती. दोन महिन्यांत पहिल्यांदा ओळखीचं फूल दिसलं. मी आनंदानं डझनभर पांढरी शेवंती निवडून घेतली आणि अंबाबाईला निघाल्यासारखा मिरवत इम्रेच्या दारात उभा राहिलो.

दार इम्रेच्या बायकोनं उघडलं. तिचं हसू जागच्या जागी थिजलं. आत आठ-दहा माणसं होती, ती एकदम गप्प झाली. एर्झीबाई लगबगीनं माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ही फुलं आमच्याकडं थडग्यांवर ठेवतात. आत्ताच मृतांचा सण होऊन गेला, म्हणून दुकानात राहिलीत. आणि सम संख्याही त्यांनाच." म्हणजे मी त्या माणसाच्या सणाला जिवंतपणी त्याचं श्राद्ध घालायला आलो होतो. धरणी दुभंगावी असं वाटलं. मी सांगू लागलो, आमच्याकडं ही फुलं देवाला, वेणीला, लग्नातल्या हाराला. पण घाईत माझं इंग्रजी बेअरिंगपाशीच अडकलं.

तेव्हा कोपऱ्यातून एक काटकुळा, पांढऱ्या केसांचा माणूस उठला. माझ्या हातातली फुलं त्यानं घेतली, खोलीतल्या जुन्या संचाच्या फोटोसमोर नीट ठेवली आणि काहीतरी बोलला. सगळे हसले. एर्झीबाईंनी सांगितलं, "तो म्हणतो, फुलं बरोबर जागी आलीत. आमचा बँड मेलाय, त्याला कुणी वाहिलीच नव्हती."

हाच योश्का.

केक झाला, वाइन झाली. मग योश्कानं खुर्चीखालची पेटी काढली. इम्रेनं बास उभा केला. मला कुणाचा तरी अ‍ॅकॉर्डियन दिला. योश्का वाजवू लागला आणि मी सूर धरून मागून जात राहिलो. गाणं मला ठाऊक नव्हतं, पण क्लॅरिनेटच्या मागं कसं जायचं ते माझ्या बोटांना ठाऊक होतं. ते मला दुसऱ्याच माणसानं शिकवलं होतं. दोन गाणी झाल्यावर माझ्यानं पुढं वाजवेना. वाद्य खाली ठेवून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली डॅन्यूब संथ वाहत होती.

इम्रे आणि एर्झीबाई मागोमाग आले. मी विचारलं, "तू त्याची माफी कशी मागितलीस?"

"मागितलीच नाही," इम्रे म्हणाला. "त्याला काढलं त्याच वर्षी पाच नोव्हेंबरला तो दारात उभा राहिला. अर्धा तास गप्प बसला आणि गेला. दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी पेटी घेऊन आला. मी त्याला बोलावू शकलो नसतो, मला लाज वाटली असती. आणि मी बोलावलं असतं तर तो आला नसता. कॅलेंडरनं आमची दोघांची अब्रू राखली."

मी त्यावर बराच विचार केला. आपल्याकडं सगळं अडतं ते बोलावण्यावर. लग्नाची पत्रिका घरी येऊन दिली की कुणाच्या हाती पाठवली, यावरून सख्खे भाऊ तोंड बघत नाहीत. मी दस्तगीरला बोलावलं नाही, मग तो कसा येणार? आणि त्यानं बोलावल्याशिवाय मी कोणत्या तोंडानं जाणार? पण मग एकदम लक्षात आलं, की ईदला कुणी कुणाला बोलावत नाही. शिरखुर्म्याला आमंत्रण नसतं. कॅलेंडर माझ्याजवळही होतं. दर वर्षी त्यात ईद छापलेली असायची, आणि मी सुट्टी म्हणून घरी झोपत होतो.

तिथंच गॅलरीत मी ठरवलं. येत्या ईदला मुरगूडला जायचं. जे केलं ते तोंडानं कबूल करायचं आणि दस्तगीरला म्हणायचं, एकदा पेटी काढ. मला एवढंच पाहिजे होतं. त्याच्या मागून एकदा वाजवायचं.

मुरगूड

परत आलो तेव्हा नोव्हेंबर निम्मा सरला होता आणि बकरी ईद नुकतीच होऊन गेली होती. शिरखुर्म्याची रमजान ईद पुढच्या ऑगस्टात. म्हटलं, एवढी वर्षं थांबलो तिथं नऊ महिन्यांनी काय बिघडतंय? खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. ठरवल्याचं समाधान मिळालं होतं आणि जायचं लांबलं होतं. लेथ आला, बसवला, चालला. मालक खूश झाले. दिवाळीनंतरची थंडी गेली, शिमगा गेला, वळीव झाला. मी कॅलेंडरावर ईदची तारीख लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हंगेरीतल्या नावाच्या दिवसाची गोष्ट सांगत होतो. ती सांगायला मला फार आवडायची.

ईदच्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. पाऊस लागून राहिलेला. अ‍ॅकॉर्डियन गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलेला. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं, काय हाय त्यात? श्याळी हाय व्हय?" मी म्हणालो, "वाजवायची पेटी हाय." तो म्हणाला, "मग एवडी जीवाला लावून कशाला धरलीसा?" मला हसू आलं. मुरगूडला उतरलो तेव्हा स्टँडवर त्या जागेकडं बघायचं टाळलं.

दार भाभींनी, म्हणजे दस्तगीरच्या बायकोनं, उघडलं. क्षणभर बघत राहिल्या आणि आत वळून ओरडल्या, "अवो, बापू आल्यात!"

दस्तगीर बाहेर आला. केस पिकलेले, अंगानं उतरलेला. त्यानं मला उराशी धरलं, तीन वेळा, ईदचं धरतात तसं. म्हणाला, "या की बापू. भिजलासा." पूर्वी तो मला अरे-तुरे करायचा.

वाटी पुढं आली. मी खाण्याआधी बोलायला बसलो, कारण खाल्ल्यावर बोललो नसतो. त्या दिवशी तुला स्टँडवर बघून मी तोंड फिरवलं, गाडीत जागा होती, उशीर झाला नव्हता, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मला वाटलं, गाडीत जागा न्हाय. म्हनून मागच्या एस्टीनं आलतो की."

"कुठं?"

"जत्रंला. पेटी घिऊन. बघतोय तर तुमच्या शेजारी त्ये ऑर्गनवालं पोरगं बसलंय. मग खाली मान्सांत बसून ऐकलं आनि आलो."

मला हे ठाऊक नव्हतं. तेरा वर्षं मी त्याला स्टँडवरच उभा केला होता. तो माझ्या समोर जमिनीवर बसून माझा कार्यक्रम ऐकत होता, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"राग न्हाय आला?" मी विचारलं.

"आला की. चांगला आला. चार-सा म्हैनं व्हता. मग ईद आली. हिला म्हटलं, बापू काय ऱ्हात न्हाईत, शेवया वाडीव घाल." भाभी चुलीकडून म्हणाल्या, "दुसऱ्या सालाला बी घातल्यात्या."

तिसऱ्या सालाचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. वाटी कशीबशी संपवली. मग गोणपाट सोडलं, अ‍ॅकॉर्डियन मांडीवर घेतला आणि म्हणालो, "दस्तगीर, पेटी काढ. एकदा वाजवूया."

तो हसला. आल्यापासून तो ओठ मिटून मिटून बोलत होता, ते मला तोवर उमगलं नव्हतं. आता तोंड उघडून हसला तेव्हा दिसलं. वरच्या पुढच्या दातांपैकी एकही नव्हता. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकते, हे मला सांगायची गरज नव्हती.

"हलत हुतं, पू झालता. काडून टाकलं," तो म्हणाला. "कवळी बशीवली हुती, पर फुकलं की हलती. सूर धरत न्हाय."

"कधी काढलेस?"

"शिमग्याच्या आट दिस आदी. तवर वाजवत हुतो की."

मी मनात मोजलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. हंगेरीहून आल्यावर चार महिने ही क्लॅरिनेट ह्या घरात वाजत होती, माझ्यापासून दीड तासावर. आणि मी कोल्हापुरात लाल पेन्सिलीच्या गोलाकडं बघत ईदची वाट बघत होतो. मी त्याला तेही सांगून टाकलं. इम्रेचं, कॅलेंडरचं, ईदला बोलावणं लागत नाही म्हणून मी कसा थांबलो त्याचं. मला वाटत होतं, निदान एवढं तरी त्याला पटेल.

दस्तगीरनं माझ्या मांडीवरच्या अ‍ॅकॉर्डियनचा भाता हलकेच मिटवला.

"ईदच कशाला लागती रं, बापू?" तो म्हणाला. "बाकीच्या दिशी काय आमी तुला हाकलून दिलं असतं व्हय?"

भाभींनी माझी वाटी पुन्हा भरली.